चौथ्या नाईटची पहाट

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. सलग चौथ्या नाईटला पहाटे एका आजींनी तिसऱ्यांदा बेडपॅन मागितला तेव्हा तू त्यांच्या अंगावर ओरडलीस आणि त्या एकदम गप्प झाल्या. सकाळी तू चादर बदलायला गेलीस तेव्हा चादर ओली होती. तुला त्रास नको म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारलीच नव्हती. एवढे लिहून खाली तू एकच ओळ लिहिली आहेस, "मॅडम, मी बहुतेक या कामाची नाहीच." नर्सिंग कॉलेजात तुला तीन वर्षे शिकवले असल्यामुळे या ओळीला उत्तर देणे मला भाग आहे.

त्याच पत्रात, या ओळीच्या बरेच वर, तू जाता जाता सांगून गेली आहेस की वॉर्ड ३६ खाटांचा आहे, त्या रात्री रुग्ण ५४ होते, १८ जणांच्या गाद्या खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर होत्या, ड्युटीवर तुम्ही दोघीच होतात आणि तुझी जोडीदारीण एक ते तीन या वेळात एका रुग्णाला घेऊन सी.टी. स्कॅनला गेली होती. माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातला मुख्य मजकूर हा आहे. आजींवर ओरडणे चूकच होते आणि त्या अजून वॉर्डात असतील तर त्यांच्याजवळ जाऊन "माझे चुकले" एवढे तू म्हणावेस असे मला वाटते. पण ती चूक तुझ्या स्वभावातून आली असे मी मानणार नाही, कारण तीन वर्षांत तुझा स्वभाव मी जवळून पाहिला आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक, सामान्य रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असे प्रमाण धरलेले आहे, शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी जादा पदे वेगळी. हे प्रमाण तिन्ही पाळ्यांत कसे वाटायचे यावर हवा तेवढा वाद घालता येईल, पण ५४ रुग्णांना दोघी हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा एक अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत त्यांना असे आढळले की एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि त्याच एका जादा रुग्णामुळे परिचारिका कामाच्या ताणाने पार खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. हे दोन आकडे मी विद्यार्थिनींना नेहमी एकत्रच सांगत आले, कारण आपण ते मनात वेगवेगळ्या खणांत ठेवतो: रुग्णाचे बरे-वाईट हे आपले कर्तव्य आणि आपले खचणे हा आपला घरगुती प्रश्न. प्रत्यक्षात दोन्ही एकाच कारणाने घडते.

आता रात्रीविषयी. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून, दुपारी न झोपता नाईटला आलेली सिस्टर रात्री बारालाच १७ तासांची जागी असते आणि तिची ड्युटी अजून आठ तास उरलेली असते. त्या आठ तासांत ती इन्सुलिनचे युनिट मोजते, रक्ताच्या पिशवीचा क्रमांक ताडून पाहते आणि सलाईनचे थेंब लावते.

माझ्या हातून काय होता होता राहिले ते तुमच्या वर्गात मी कधी सांगितले नाही, आज सांगते. नोकरीला दोन वर्षे झाली होती. मेडिसिनचा वॉर्ड होता, सलग सहावी नाईट होती आणि पहाटेचे साडेचार वाजले होते. अँटिबायोटिकच्या व्हायलमधली पावडर विरघळवण्यासाठी मला डिस्टिल्ड वॉटर हवे होते. ट्रेच्या एकाच कप्प्यात सारख्याच आकाराच्या, सारख्याच पारदर्शक अँप्युल पडलेल्या होत्या. मी एक उचलली, फोडली, सिरिंजमध्ये दहा मिली ओढून घेतले आणि सुई व्हायलच्या बुचात टोचणार, तेवढ्यात शेजारी उभी असलेली पहिल्या वर्षाची मुलगी दबकत म्हणाली, "सिस्टर, यावर वेगळंच नाव आहे." ते पोटॅशियम क्लोराइड होते. पुरेसे पातळ न करता ते शिरेत गेले असते तर त्या माणसाचे हृदय जागच्या जागी थांबू शकले असते. लेबल मी पाहिले नव्हते असे नाही. मी ते पाहिले होते आणि मला जे दिसायला हवे होते तेच मला तिथे दिसले होते. थकवा डोळे मिटायला लावतो एवढेच आपल्याला ठाऊक असते. उघड्या डोळ्यांना तो भलतेच दाखवतो हे मला त्या पहाटे कळले.

त्यानंतर मी जे केले त्याची मला अजून लाज वाटते. मी कोणाला काही सांगितले नाही. त्या मुलीला गप्प राहायला सांगितले, नवी अँप्युल घेतली आणि काम पुरे केले. ट्रे मात्र जसा होता तसाच राहिला. काही महिन्यांनी पोटॅशियमच्या अँप्युल वेगळ्या कुलपात ठेवायची पद्धत सुरू झाली, तीसुद्धा दुसऱ्या वॉर्डातल्या एका सिस्टरने स्वतःची अशीच हुकलेली चूक मेट्रनना, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला, लेखी कळवली म्हणून. मधल्या काळात त्या ट्रेमधून किती जणींनी अंधुक उजेडात अँप्युल उचलल्या असतील याचा विचार मी आजही करते.

अशा चुका निदान लक्षात तरी येतात. जे हळूहळू घडते आणि कोणाच्याच लक्षात येत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. तुझ्या वॉर्डातला टी.पी.आर. चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा तक्ता, काढून श्वासाचा रकाना वरून खाली वाच. ओळीने २०, २०, २२, २० दिसेल. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा असे मी तुम्हाला शिकवले आहे. ५४ जणांचे श्वास मोजायला ५४ मिनिटे लागतात आणि ती मिनिटे तुमच्यापाशी नसतात, म्हणून आकडा मोजला जात नाही, लिहिला जातो. रुग्ण खालावू लागला की बऱ्याचदा सर्वांत आधी श्वासाचा वेगच बदलतो, आणि नेमका तोच रकाना आपण अंदाजाने भरतो. हातांचेही तसेच. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर २० सेकंद हँडरब चोळायचे म्हटले तर एका फेरीत दोघींची मिळून ३६ मिनिटे केवळ त्यातच जातात. पहिल्या महिन्यात नवी सिस्टर हे सगळे करू पाहते आणि रडकुंडीला येते, दुसऱ्या महिन्यात कोणती पायरी गाळायची ते शिकते, आणि सहाव्या महिन्यात तिला "चटपटीत" म्हणू लागतात. तुला तिसरा महिना चालू आहे, आणि तुला अजून वाईट वाटते आहे याचा मला मोठा दिलासा वाटतो. वाईट वाटणे बंद झाले असते तर मी जास्त घाबरले असते.

शरीराविषयी तू पत्रात काहीच लिहिले नाहीस, म्हणून मीच विचारते. ड्युटीवर पाणी किती पितेस? बाथरूमला जायला वेळ मिळत नाही म्हणून पाणीच प्यायचे नाही ही सवय आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी लावून घेतली आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने वर्षानुवर्षे त्रास काढला. कमरेचे सांगायचे तर अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने रुग्ण उचलताना एका माणसाने पेलायच्या वजनाची मर्यादा साधारण १६ किलो सांगितली आहे, आणि आपण जमिनीवरच्या गादीवरून ६० किलोचा माणूस मावशींच्या मदतीने वाकून उचलतो. माझ्या कमरेची दोन हाडे आज माझ्याशी रोज बोलतात. वॉर्डबॉय येईपर्यंत थांब, चादर धरून सरकव, एकटीने कधीही उचलू नकोस. नाईटआधी दुपारी दीड-दोन तास झोप, घरी येऊन झोपताना खिडकीला जाड पडदा लाव, आणि शेवटची नाईट करून स्कूटर चालवत घरी जाऊ नकोस, बसने जा. "एक डबल कर ना, कोणी नाही" असे म्हणून सलग दोन पाळ्या करायला सांगतील तेव्हा एकदा हो म्हणशील, दुसऱ्यांदा नाही म्हण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगास संभाव्य कारण ठरणाऱ्या गोष्टींत केली आणि २०१९ साली पुन्हा तपासणी करून ते मत कायम ठेवले. हे तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. रात्रपाळी ही काही किरकोळ गैरसोय नव्हे, म्हणून तिची वाटणी न्यायाने व्हायला हवी आणि तिच्यानंतरचा ऑफ कोणी खाऊ नये, हे मागताना तुझा आवाज खाली जाऊ नये म्हणून लिहिते.

सुईचे तेवढे नीट लक्षात ठेव. वापरलेल्या सुईला टोपण लावू नकोस, थेट सुई कापायच्या कटरमध्ये घाल. टोचलीच तर जखम पिळू नकोस, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि तासाभराच्या आत कॅज्युअल्टीत जा. एच.आय.व्ही.साठीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. बाधित रुग्णाला वापरलेली सुई टोचल्यावर एच.आय.व्ही. होण्याची शक्यता हजारात तीन इतकी असते, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची मात्र शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते, आणि त्याची तर लस आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती लस देणे आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, तुझ्या पगारातली बाब नव्हे.

आणखी एक गोष्ट तू अगदी सहज लिहिली आहेस: कपडे बदलायला खोली नसल्यामुळे तुम्ही स्टोअरमध्ये, दाराला पाठ लावून कपडे बदलता. हे वाचून मी थबकले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका कामगाराने अत्याचार केला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होत्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. कडी लागणारे दार, दिवा आणि रात्री जवळपास एक सुरक्षारक्षक एवढ्या मागण्या आमच्या पिढीसाठी कधीच चैनीच्या नव्हत्या. तुम्हीही ती खोली मागा, सगळ्या मिळून मागा.

आता मागायचे कसे, तर लिहून. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना तोंडी सांगितलेले सकाळी नऊपर्यंत विरून जाते. रोजच्या रिपोर्ट बुकात रुग्णांच्या माहितीच्या वर तीन ओळी लिहायची सवय लाव: रुग्ण किती, सिस्टर किती, आणि मनुष्यबळाअभावी कोणते काम राहिले. "दोघी सिस्टर, ५४ रुग्ण, रात्री दोनचे टी.पी.आर. २२ रुग्णांचे घेता आले नाही," एवढेच. तक्रारीचा सूर नको, विशेषणे नकोत. आणि न मोजलेला श्वास चार्टवर लिहू नकोस, रकाना कोरा ठेव. तो का कोरा आहे हे रिपोर्ट बुकातली ओळ सांगेल. उद्या एखाद्या रुग्णाचे बरे-वाईट झाले आणि चौकशी बसली तर सर्वांत आधी त्या रात्री ड्युटीवर कोण होते हेच विचारले जाते; त्या वेळी हा खरा चार्ट तुझ्याही उपयोगाचा आहे.

तू अकरा महिन्यांच्या करारावर आहेस आणि असे लिहिल्यावर करार पुढे वाढेल का ही भीती तुझ्या मनात येणार, हे मी जाणते. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मे २०२२ मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या, त्यामागे हाही विचार होता की ज्या हाताला उद्याच्या नोकरीची खात्री नाही तो हात रिपोर्ट बुकात खरे लिहायला कचरतो. म्हणून एकटीने सुरुवात करू नकोस. तुझ्या इन्चार्ज सिस्टरशी आधी बोल, त्या कायम नोकरीत आहेत. तुझ्या जोडीदारणीचीही सही घे. तीन महिन्यांच्या अशा नोंदी घेऊन इन्चार्ज सिस्टर मेट्रनकडे गेल्या तर ते एका नव्या मुलीचे गाऱ्हाणे राहत नाही. मी असे एकदा घडताना पाहिले आहे: जादा सिस्टर मिळायला दीड वर्ष लागले आणि मिळाली ती एकच, पण त्या एकीमुळे नाईटला तिघी झाल्या आणि जेवायला पाळीपाळीने बसता येऊ लागले.

आपल्या कामाला लोक सेवा म्हणतात आणि त्या शब्दाचा मला अभिमान आहे. मात्र जिथे चार सिस्टर हव्यात तिथे दोघी ठेवून उरलेल्या दोघींची जागा सेवाभावाने भरून काढायला कोणी सांगेल, तर तेवढ्यापुरता तो शब्द त्याच्या तोंडी शोभत नाही, हे तू मनाशी पक्के धर.

हिपॅटायटिस बीच्या लशीचे दोन डोस तुझे कॉलेजात असताना झाले होते, तिसरा सहाव्या महिन्यात घ्यायचा होता आणि तेव्हा तुमची परीक्षा चालू होती. तो घेतलास का, हे मला उलट टपाली कळव. घेतला नसशील तर या आठवड्यातच घे आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करून घे; आकडा दहा किंवा त्याहून जास्त आला पाहिजे. आणि पुढच्या नाईट ऑफला इकडे ये. आधी पोटभर झोप, मग ये. जेवायला मी थांबेन.

तुझी,
मॅडम