कोवळं गवत आणि पातळ शेण
भाऊ, आषाढात गाई रानात सोडल्या आणि शेण पातळ झालं म्हणून लगेच जंताचं औषध पाजू नका. आधी गवत बघा. वीतभर कोवळ्या गवतात प्रथिनं भरपूर, तंतू कमी. कोठीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू ती प्रथिनं भराभर फोडून अमोनिया करतात, पण तो वापरायला तेवढी ऊर्जा त्यांना मिळत नाही. उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि बराचसा मुतावाटे वाया. पहिल्या वर्षी मी वर सरकी पेंड, म्हणजे आणखी प्रथिनंच, वाढवली होती, अजूनच बिघडलं!

सोडण्याआधी थोडा कडबा आणि जरा मक्याचा भरडा द्या. रानाचे तुकडे पाडा. पवना, मारवेल ही गवतं गुडघ्याला लागली की गाई चरायला सोडा, घोट्याएवढी उरली की पुढच्या तुकड्यात.

दिवाळीनंतर उलटं. कुसळी गवत पिवळं पडलं की प्रथिनं ७ टक्क्यांखाली जातात, जिवाणूच उपाशी राहतात. पोट भरलेलं दिसतं, शेण मात्र घट्ट, थरावर थर. तेव्हा प्रथिनं भरून काढायला दशरथ घास हा हिरवा चारा टाका. सुबाभूळही चालतो, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.