घरी सांगण्याआधी लपून बायबल वाचणं ही फसवणूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की घर हिंदू आहे, वर्षभर रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर बायबल वाचता, प्रार्थना करता आणि अजून कुणाजवळ बोललेला नाहीत. आता मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं येशूचं वचन टोचतंय: जो मला माणसांसमोर नाकारील, त्याला मीही पित्यासमोर नाकारीन.

मी तीन वर्षं अशीच काढली, म्हणून लिहिते. त्या वचनाने माझीही झोप उडाली होती. पण तिथे शब्द 'नाकारणं' आहे. न सांगणं आणि नाकारणं यांत फरक आहे. निकदेम नावाचा यहुदी पुढारी येशूकडे रात्री आला, तेव्हा 'आधी दिवसाउजेडी ये, मग बोलू' असं येशू म्हणाला नाही. त्याच रात्री तो नव्या जन्माबद्दल बोलला. आणि खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला तर त्यानेच सांगितलंय.

मला त्याहून आधार मिळाला तो नामानाचा. बायबलमधल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हा अरामी सेनापती बरा होतो, इस्राएलाच्या देवाला मानू लागतो आणि मग अलीशा या संदेष्ट्याला चाचरत विचारतो: राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या अरामी दैवताच्या देवळात जाईल, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा होईल ना? अलीशा एवढंच म्हणतो, शांतीने जा. घरच्या आरतीला हात जोडून उभी असताना मी कितीदा हे आठवलंय! त्यातून 'सगळं चालतं' असा अर्थ मी काढत नाही. नैवेद्य खावा की नाही, यावर तर ख्रिस्ती मंडळीतही एकमत नाही. पण नामानाने आपली अडचण देवापासून लपवली नाही, हे मला मोठं वाटतं.

कुणी घाई करत असेल तर ऐकू नका. एका प्रार्थनागटात मला दुसऱ्याच आठवड्यात 'बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) कधी घेणार?' असं विचारलं. मी तिथे परत गेले नाही. नंतर एका चर्चचे वयस्कर पाळक भेटले. ते म्हणाले, मागच्या बाकावर बसत जा, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या) वेळी बसून राहिलीस तरी कुणी काही म्हणणार नाही, आणि योहानाचं शुभवर्तमान सावकाश वाच. कवी नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. तरी बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी 1895 मध्ये. एवढ्या विद्वान माणसालाही वेळ लागला.

बाप्तिस्म्याआधी कायद्याची बाजूही वकिलाला विचारा. अनुसूचित जातीतले असाल तर 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असेल तर धर्मांतर हे जोडीदाराला घटस्फोट मागण्याचं कारण ठरू शकतं. नुसतं वाचल्याने किंवा प्रार्थना केल्याने यातलं काही होत नाही.

आता घरच्यांबद्दल. इथे मी चुकले, आणि तुम्ही चुकू नये असं मनापासून वाटतं. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्यानंतर जवळपास पाच वर्षं त्या दोघांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. त्यांच्या आठवणी वाचताना मला माझी आईच दिसत होती. मी रविवारी सकाळी 'क्लास आहे' म्हणून बाहेर पडायचे. वहिनीला माझ्या पर्समध्ये नवा करार सापडला आणि तिने आईला सांगितलं. आई ओरडली नाही. दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "देवळात गेलीस की चर्चमध्ये, ते नंतर बघू. मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं गं."

म्हणून गप्प राहा, हवा तेवढा वेळ घ्या, पण 'क्लास आहे' असं म्हणू नका. 'थोडा वेळ एकटं बसायचंय' हे खरं आहे, तेवढं सांगा. घरातलं एक माणूस मनात धरून ठेवा. पहिल्यांदा त्याला, आणि तुमच्याच तोंडून कळू दे. मात्र घरात मारहाणीची किंवा बाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर हे लागू नाही. तेव्हा आधी राहण्याची सोय आणि हातात चार पैसे हवेत.

माझ्या आईने त्या दिवशी मेथी निवडून झाल्यावर विचारलं, तुमच्यात प्रार्थना कशी करतात? मला काही सुचेना. तेविसावं स्तोत्र पाठ होतं, ते म्हटलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' इथपासून. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग कुकर लावायला उठली.