प्रतिभाव, दाद आणि कौल

वडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या भाचीने घरच्या समूहात एक चित्रफीत टाकली आणि खाली ‘आपले प्रतिभाव कळवा’ असे लिहिले. हे मराठी म्हणावे का, आणि अंगठे, तारे, टिप्पण्या या सगळ्या ‘फीडबॅक’ला मराठीत एकच शब्द कोणता?

‘प्रतिभाव’ गुजरातीत रोजचा आहे आणि वडोद्यात तो आपल्याही तोंडी सहज येतो. संस्कृत घडणीमुळे तो परका वाटत नाही. तरीही मराठीत ‘अभिप्राय’ आणि ‘प्रतिसाद’ रुळलेले असल्याने घरगुती लेखनात तो चालू द्यावा, छापील मराठीत टाळावा, असे माझे मत आहे.

एकच शब्द शोधण्याला मात्र माझा विरोध आहे. ‘साद’ म्हणजे हाक, म्हणून ‘प्रतिसाद’ म्हणजे हाकेला दिलेली ओ. ‘अभिप्राय’ विचार करून, बहुधा कारणे सांगून दिला जातो. अंगठ्यासाठी मला ‘दाद’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय. ‘दाद मागणे’ या प्रयोगात तो अर्थ अजून जिवंत आहे. ‘दाद देणे’ म्हणताना आपण कौतुक करतो. फैयाज खाँसाहेबांचे गाणे ऐकलेल्या या शहराला दादेचा स्वभाव ठाऊक आहे: पुढे बसलेल्या जाणत्याने समेवर ‘वा!’ म्हटले की मागच्या माना आपोआप डोलू लागतात.

अरबीतून आलेल्या ‘कौल’ या शब्दाचा स्वभाव वेगळा. मतदारांचा कौल गुप्त मतदानाने घेतला जातो, त्यामुळे शेजाऱ्याचे मत पाहून तो देता येत नाही. इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली प्लिमथच्या प्रदर्शनातील बैलाच्या मांसाच्या वजनाबाबतचे लोकांचे ७८७ अंदाज तपासले, तेव्हा त्यांतील मधला अंदाज १,२०७ पौंड आणि प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड निघाले. प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्र चिठ्ठीवर लिहिला होता, म्हणून त्या मधल्या अंदाजाला सामूहिक शहाणपण म्हणता येते.

संकेतस्थळांवर दिली जाते दाद, आणि मोजला जातो कौल. गोंधळाचे मूळ माझ्या मते येथे आहे. मुचनिक, अरल आणि टेलर या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका संकेतस्थळावरील लाखाहून अधिक टिप्पण्यांपैकी काहींना कोणताही निकष न लावता सुरुवातीलाच एक अनुकूल मत देण्यात आले. त्या टिप्पण्यांचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी चढले. मुद्दाम दिलेले प्रतिकूल मत मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढले. मैफिलीतील पहिल्या ‘वा!’चेच हे काम आहे, फक्त येथे पहिली दाद देणारा जाणता असेलच असे नाही.

म्हणून लिहून कळवलेल्या मताला ‘अभिप्राय’ म्हणावे, अंगठ्याला ‘दाद’ म्हणावे, आणि स्वतःचे मत देईपर्यंत इतरांचा आकडा झाकलेला असेल तेथेच ‘कौल’ म्हणावे. भाचीला मावशीचे मत कारणांसह हवे असेल, तर तिने ‘अभिप्राय कळवा’ असे लिहावे.