लॉनवर पानं तशीच राहिली आणि वर बर्फ पडला, तर खालचं गवत मरतं का?

सहसा मरत नाही, कुजतं. आणि तेही पानांनी, बर्फाने नाही. शिकागोजवळ पहिलंच घर, नोव्हेंबरात पानं काढायची राहिली, आता सगळं बर्फाखाली आणि शेजारी म्हणतोय की बर्फाने लॉन गेलंच समजा, असं तुम्ही लिहिलंय. शेजाऱ्याचं सोडा. डेट्रॉइटजवळ आमच्या साडूंशी माझा हाच वाद कित्येक हिवाळे चाललाय, म्हणून राहवलं नाही.

साडूंच्या अंगणात मोठा नॉर्वे मेपल आहे. त्याची पानं रुंद आणि पडतात उशिरा. पावसात भिजली की एकावर एक अशी चिकटतात की पानं ओढायच्या रेकचे दातही वरून घसरतात. साडूंचं ठरलेलं वाक्य, "अहो, जंगलात कोण जातं पानं उचलायला? खत होतं त्याचं!" मी म्हटलं, जंगलात लॉन कुठं पाहिलंत? झालं, त्या दिवशी जेवताना दोघंही गप्प.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर मेपलखाली करडे गोल डाग. मी उकिडवा बसून पानांचा एक थर उचलला. खाली गवताची पाती पांढरट, जमिनीला चिकटलेली, त्यांवर बुरशीचे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे. हा करडा स्नो मोल्ड, टायफुला नावाची बुरशी. जमीन गोठायच्या आत बर्फ पडला आणि महिनोन्‌महिने राहिला की ती खाली आरामात वाढते. ओल्या पानांनी तिची आणखी सोय होते. साडू म्हणाले, "बघा, बर्फाने जाळलं!" ड्राइव्हवेपलीकडच्या तुकड्यावरही तेवढाच बर्फ होता, पण पानं नव्हती, आणि तिथं गवत धडधाकट. तर म्हणे तिकडे ऊन जास्त. वर कुणाला तरी बोलावून एप्रिलमध्ये बुरशीनाशक मारून घेतलं. हवा कोरडी आणि उबदार झाली की ही बुरशी आपोआप थांबते, तेव्हा फवारणी म्हणजे वरातीमागून घोडं.

बर्फ उलट गवताला सांभाळतो. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू ही थंडीचीच गवतं. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे बाहेर कडाक्याची थंडी असली तरी खालची जमीन शून्याच्या आसपास राहते. उघड्या लॉनला कोरडा वारा जास्त छळतो. पानांचं तसं नाही. फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, गवत अजून अन्न साठवत असतं, आणि नेमका तेव्हाच त्याचा उजेड अडतो.

तुम्ही आत्ता काहीच करू नका. बर्फ गेला आणि जमीन जरा सुकली की हलक्या हाताने रेक करा. जमिनीलगतचा कोंब पांढरा आणि टणक असेल तर नवी पाती फुटतील. मेच्या मध्यापर्यंत बी विकत आणू नका. पुढच्या फॉलमध्ये पानं कोरडी असताना त्यांच्यावरून गवत कापायचा मोअर दोनदा फिरवा, चुरा आपोआप गवतात मुरतो. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने यावर प्रयोग केलेत: चुऱ्याने लॉन बिघडत नाही, वर डँडेलियनचं तण कमी होतं. म्हणजे साडूंचं 'खत' खरं, पण चुरा केलात तर. त्यांच्या गॅरेजमध्ये बसून चालवायचा मोअर आहे. तो फक्त पाहुण्यांना दाखवायला.

हां, बर्फ अगदीच निर्दोष नाही. गुलाबी स्नो मोल्ड म्हणून दुसरी बुरशी असते, तिला बर्फ लागतही नाही आणि ती कधीकधी कोंबही मारते. वितळून पुन्हा गोठलेला बर्फाचा पक्का थर वाईट. ड्राइव्हवे साफ करून एका जागी टाकलेला ढीग उशिरा वितळतो, तिथं पानं नसली तरी डाग पडू शकतात. साडू तो ढीग बरोबर मेपलखालीच घालतात, पण हे मी त्यांना सांगणार नाही, लगेच म्हणतील, "बघा, शेवटी बर्फच!"