युगपत्: दोन घटना एका जुवाला

प्रश्न असा आहे: सापेक्षतेतल्या ‘सायमल्टेनिटी’ला, म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडण्याला, मराठीत समकालीनता म्हणावे की एकसामयिकता?

दोन्ही नको. समकालीन असतात ज्ञानेश्वर आणि नामदेव. आयुष्याची काही वर्षे सारखी आली की तेवढ्याला तो शब्द पुरतो. ‘एकसामयिक’चा दोष याहून मोठा. दोन्ही घटनांना समय एकच आहे हे तो आधीच गृहीत धरतो, आणि आइन्स्टाइनच्या १९०५च्या निबंधाने नेमके तेच नाकारले.

शब्द आपल्याकडे तयार आहे: युगपत्. ‘युज्’ म्हणजे जोडणे, त्यावरून ‘युग’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. आपले ‘जू’ याच ‘युग’पासून आले, लॅटिन ‘युगुम’ आणि इंग्रजी ‘योक’ याच कुळातले. युगपत् म्हणजे एका जुवाला जुंपलेले. या व्युत्पत्तीत काळ कुठेच नाही, आहे ती जुंपणी, आणि जुंपणी कुणीतरी करावी लागते!

निबंधाच्या पहिल्याच भागात आइन्स्टाइन ती करतो. ‘अ’पासून प्रकाश सोडा, ३०० मीटरवरच्या ‘ब’च्या आरशावरून तो परत येऊ द्या. ‘अ’च्या घड्याळात सुटताना ० आणि परतताना २ मायक्रोसेकंद झाले, तर आरशावर प्रकाश पोचला त्या क्षणी ‘ब’चे घड्याळ १ दाखवील असे लावा. घड्याळे जुंपली गेली. आता ‘अ’ आणि ‘ब’ ही एका फलाटाची दोन टोके आहेत आणि दोन्हींवर युगपत् वीज पडली असे धरा. प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जाणाऱ्या गाडीत याच रीतीने जुंपलेली घड्याळे सांगतात की पुढच्या टोकावरची वीज ०.७५ मायक्रोसेकंद आधी पडली. ताशी १०० किलोमीटरच्या गाडीत हा फरक सेकंदाचा सुमारे दहा लाख कोटीवा भाग, म्हणून तो जाणवत नाही.

‘पुढचा प्रकाश आधी पोचतो, म्हणून तसे भासते’ हे स्पष्टीकरण सतत कानावर येते आणि ते चूक आहे. प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ वजा केल्यावरही हे ०.७५ उरतात.

वैशेषिक दर्शनाच्या, म्हणजे कणादांच्या, सूत्रांत युगपत्, चिर (उशिरा), क्षिप्र (लवकर) ही काळाची चिन्हे सांगितली आहेत. म्हणजे यौगपद्यावरून, युगपत् असण्यावरून, काळ ओळखायचा. आइन्स्टाइनचा क्रमही हाच. मात्र कणादांना सापेक्षता ठाऊक होती असे म्हणणाऱ्यांनी तिथेच थांबावे. वैशेषिकांचा काळ एक आणि सर्वव्यापी आहे, म्हणजे अगदी उलट.

दहावीच्या बीजगणितातली ‘एकसामयिक समीकरणे’ही मला मान्य नाहीत. क्ष + य = १० आणि क्ष − य = २, यांत समय कसला? दोन अटी एकत्र जुंपल्या आहेत, इतकेच. हिंदीने ‘युगपत् समीकरण’ घेतले आणि ते बरोबर केले. आपण पाठ्यपुस्तकात चुकीचा शब्द बसवला आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच घोकला.

वापराबद्दल: युगपत् हे अव्यय आहे, म्हणून ‘घटना युगपत् घडल्या’. नाम ‘यौगपद्य’, ‘युगपतता’ लिहू नये. आणि ‘फलाटाच्या चौकटीत’ किंवा ‘गाडीच्या चौकटीत’, म्हणजे कुठल्या घड्याळांनी मोजले ते सांगणारे, हे शब्द सोबत हवेतच, नाहीतर वाक्य अपुरे राहते.