ॲम्प चोवीस तास चालू ठेवावा की ऐकून झाल्यावर बंद करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चोपड्याला वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत तुम्ही वडिलांचा जुना स्टीरिओ ॲम्प (स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर), एक सीडी प्लेअर आणि नवा घेतलेला डॅक (डिजिटल गाण्याचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी पेटी) मांडलाय. तुमचे पुण्याचे मित्र म्हणतात, ॲम्प कधीच बंद करू नका. चोवीस तास गरम राहिला तरच आवाज खुलतो, आणि सारखं चालू-बंद केल्यानंच पार्ट जातात. घरी आई मात्र रोज रात्री झोपण्याआधी बोर्डावरचं बटण बंद करते. ऐकायचं कोणाचं?

आईचं ऐका, भाऊ. आणि आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) पोळ्यापर्यंत तर नुसतं बटण बंद करू नका, पिनही काढून ठेवा.

मी जळगावला सत्तावीस वर्षं ॲम्प आणि रेडिओ दुरुस्त करतोय. टू एन ३०५५ च्या जाड पत्र्याच्या ट्रान्झिस्टरांवर हात बसला, मग एसटीके आयसीचा जमाना आला, आता क्लास डीचे तळहाताएवढे बोर्ड येतात. टेबलावर आलेला सेट उघडला की तो कसा वापरला गेला हे आतल्या रंगावरून कळतं. पार्ट बसवलेल्या प्लेटची खालची बाजू तपकिरी झालेली असेल, तर तो सेट रात्रंदिवस चालू होता असं मालकानं सांगायच्या आधीच मला समजतं.

तुमच्या मित्राचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण त्यातलं निम्मं खरं आहे. ट्रान्झिस्टर तापतो तसा त्याच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधला व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतो. हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) २० अंशांनी तापली की ४० मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या बायसला (गाणं नसतानाही त्यांतून वाहणाऱ्या थोड्या करंटला) एवढा फरक पुष्कळ होतो. म्हणून चांगल्या ॲम्पमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटवलेला असतो. तो उष्णता बघून बायस सावरत राहतो. हे सगळं जुळायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ॲम्प थोडा कोरडा वाजतो असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. माझ्या घरच्या ॲम्पवर मी हे पूर्वी मोजलंय. एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मल्टीमीटर लावला. गार असताना ६ मिलिव्होल्ट दाखवत होता, पंचवीस मिनिटांनी ११ वर आला. एक तासानं ११. रात्रभर चालू ठेवून सकाळी पाहिलं, तरी ११च. म्हणजे जे काही खुलायचं ते अर्ध्या तासात खुलतं, रात्रभरात त्यात भर पडत नाही. संध्याकाळी चहा ठेवताना ॲम्प लावा, कप हातात घेऊन खुर्चीवर बसेपर्यंत तो बराचसा तयार झालेला असतो.

दुसरं म्हणणं चालू-बंद करण्याबद्दलचं. तेही हवेतलं नाही. पिवळा बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच उडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गार ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे फिल्टर कंडेन्सर (सप्लायची वीज साठवून सपाट करणारे मोठे डबे) पहिल्या क्षणी भरपूर करंट ओढतात. मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर असेल तर घरातला एमसीबीही पडतो. त्यातून स्वीचचे पॉइंट जळतात. शिवाय तापणं-गार होणं यात सोल्डर ताणला जातो आणि कालांतरानं ड्राय सोल्डर होतो, म्हणजे सांधा सैल पडतो. पण हा त्रास दर दहा मिनिटांनी बटण खटखटवणाऱ्याला होतो. दिवसातून एकदा लावला, एकदा बंद केला, तर ॲम्प ते वर्षानुवर्षं सोसतो. ड्राय सोल्डर झालाच तर मी तो पंधरा मिनिटांत पुन्हा मारून देतो, पार्ट बदलावा लागत नाही. स्वीचही स्वस्त असतो. उष्णतेनं जे जातं ते मात्र महाग असतं, आणि जुन्या सेटचे कित्येक पार्ट आता मिळतही नाहीत.

आता खरा मुद्दा. चोवीस तास चालू ठेवा हा सल्ला मुळात थंड मुलखातला. तिथं खोली वर्षभर वीस-बावीस अंशांवर असते आणि वीज शेवटची कधी गेली ते आठवावं लागतं. तो सल्ला उचलून चोपडा, रावेर, भुसावळकडे आणला की त्याचा हिशोब बदलतो. फिल्टर कंडेन्सरच्या आत एक ओला द्रव असतो, आणि उष्णतेनं तो हळूहळू आटतो. कंडेन्सरवर छापलेलं असतं ८५ अंश किंवा १०५ अंश. त्याचा अर्थ असा की त्या तापमानाला, पूर्ण लोडवर तो अमुक तास टिकेल. साध्या मालाचे १००० किंवा २००० तास. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, १० अंशांनी चढलं की निम्मं. कारागिरांचा ढोबळ नियम आहे, पण टेबलावर तो खरा ठरताना मी पाहिलाय.

तो तुमच्या खोलीला लावून पाहू. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. स्लॅबखाली दुपारी चाळीसच्या खाली उतरत नाही, आणि ॲम्पच्या पेटीत त्याहून वीस-पंचवीस जास्त, म्हणजे ६५. ८५ अंश, २००० तासांचा कंडेन्सर ६५ वर ८००० तास टिकेल. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तर वर्ष भरायच्या आत त्याचं आयुष्य संपलं. तोच रोज तीन तास वापरला तर वर्षाचे १०९५ तास होतात, म्हणजे सात वर्षांहून जास्त. खोली २० अंशांवर आणि पेटी ४५ वर असेल तर त्याच कंडेन्सरला ३२,००० तास मिळतात, चोवीस तास चालवूनही साडेतीन वर्षं. आपल्याकडे बारा महिने मे नसतो, आणि ॲम्पमध्ये कंडेन्सरवर सहसा पूर्ण लोडही नसतो, म्हणून प्रत्यक्षात तो या आकड्यांपेक्षा जास्त वर्षं निघतो. पण थंड खोली आणि आपली खोली यांतलं चौपटीचं अंतर काही मिटत नाही. तुमचे मित्र आणि तुम्ही एकच ॲम्प एकाच तऱ्हेनं वापरलात, तरी तो तुमच्याकडे आधी म्हातारा होईल.

विजेचं तर मला स्वतःला भोगावं लागलंय. तेव्हा मी यावल तालुक्यातल्या आमच्या गावी राहत होतो आणि मीही ॲम्प चालू ठेवायच्या मताचा होतो. आखाजी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. संध्याकाळी वादळ सुटलं, केळीच्या बागा आडव्या करणारं. फांदी पडली आणि डीपीच्या (गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या) पुढे न्यूट्रलची तार तुटली. न्यूट्रल गेला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, आणि ज्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला त्यातला मोठा वाटा येतो. आमच्या घरातले बल्ब पांढरेफटक झाले आणि फुटले. मी जिन्यानं वर धावलो तोवर खोलीत जळक्या वार्निशचा वास भरला होता. घरात २३० असताना ॲम्पच्या आतल्या ज्या डीसी लाईनला ३८ व्होल्ट असायचे ती साठच्या आसपास गेली असणार. कंडेन्सर होते ५० व्होल्टचे. ते फुटले, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले, आणि डीसी थेट स्पीकरमध्ये गेलं. वूफरची कॉइल काळी पडली. ते स्पीकर मी पहिल्या कमाईतून घेतले होते. खाली भावाचा टेपडेक होता, त्याची पिन काढलेली होती. त्याला काहीही झालं नाही. त्या रात्रीनंतर मी एकही सेट पिनवर ठेवून झोपलेलो नाही.

लोक म्हणतात, स्पाइक गार्ड लावलाय, काळजी नाही. स्पाइक गार्डमधला पार्ट सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरता आलेला झटका गिळतो. न्यूट्रल तुटल्यावर मिनिटभर टिकणारा जादा व्होल्टेज त्याला झेपत नाही, तो स्वतःच जळतो. जादा व्होल्टेज आला की लाईन तोडणारं कट-ऑफ यंत्र घराच्या मेनजवळ बसवून घ्या, ते जास्त कामाचं. रिमोटनं बंद केलेला सेटही बंद नसतो, आतला छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा सप्लाय लाईनवरच असतो. बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. वीज कडाडायला लागली की पिन काढणं हाच उपाय आहे, आणि त्यासोबत डॅकला इंटरनेटची तार असेल तर ती, ट्यूनर असेल तर अँटेनाही. झटका त्या वाटेनंही येतो. अर्थिंगही एकदा तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात वीतभर भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी घालत जा.

बिलाचा मुद्दा लहान आहे, पण विचारलाच असता म्हणून सांगतो. साधा क्लास एबी ॲम्प न वाजता ३५ वॅट घेतो असं धरलं, तर चोवीस तासांनी महिन्याला २५ युनिट होतात, रोज तीन तासांनी तीन. क्लास ए असेल तर गाणं वाजो न वाजो, तो १५०-२०० वॅट खात बसतो. दीडशेनं महिन्याला १०८ युनिट. १०० युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प तुमच्याकडे नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या कोणाकडे असेल तर त्यानं तो ऐकण्यापुरताच लावावा. ईएल ३४, ईएल ८४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हचं आयुष्य काही हजार तासांचं असतं आणि ते गाण्याविनाही खर्ची पडतं. फक्त बंद केल्यावर लगेच पुन्हा लावू नका, गार होऊ द्या. आणि स्पीकर जोडल्याशिवाय कधीच लावू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.

तुमच्या डॅकबद्दल मी एवढा कडक नाही. तो जेमतेम पाच वॅट घेतो, फारसा तापत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत तो चालू राहिला तरी माझी हरकत नाही. सीडी प्लेअर मात्र बंदच ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात सापडणार नाही. थंडीच्या रात्री उबदार ॲम्पमध्ये पाल शिरते. जाळीतून आत जाते आणि नेमकी आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पायांवर बसते. दर हिवाळ्यात माझ्याकडे असे दोन-तीन सेट येतात. शेजारी जिनिंग असेल तर कापसाची रुई हीटसिंकच्या पात्यांत बसते, उष्णता अडते, आणि रात्रंदिवस चालू असलेल्या सेटला हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर होतो. वर्षातून एकदा, पोळ्यानंतर, झाकण काढून ब्लोअर मारून घ्या. पण पिन काढून तासभर थांबल्याशिवाय आत हात घालू नका, मोठे कंडेन्सर चार्ज धरून बसतात.

लावताना आधी सीडी प्लेअर आणि डॅक, मग ॲम्प, व्हॉल्यूम शून्यावर. बंद करताना आधी ॲम्प. त्यानं स्पीकरला धक्का बसत नाही. आणि बंद ठेवायचा म्हणजे महिनोन्‌महिने विसरायचा असंही करू नका. पडून राहिलेला कंडेन्सरही बिघडतो, आतला ऑक्साइडचा थर झिजतो. पावसाळ्यात व्हॉल्यूमच्या कंट्रोलवर गंज चढून खरखर येते. महिन्यातून एकदा तरी तासभर वाजू द्या.

यावरून वडिलांच्या ॲम्पचं आठवलं. तो किती वर्षं बंद होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. चार-पाच वर्षं पडून असेल तर थेट लाईनवर लावू नका. एखाद्या कारागिराकडे नेऊन सिरीज बोर्डवर, १०० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून लावून घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर सेट ठीक आहे, तसाच पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे. झाकण काढलंच आहे तर मोठ्या कंडेन्सरांची डोकी बघायला सांगा. सपाट असतील तर राहू द्या. फुगलेली असतील किंवा बुडाशी चिकट डाग असेल, तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, आणि १०५ अंशांचेच मागा.