लॉगिन स्क्रीन, मराठी कीबोर्ड आणि अभ्यासिकेतील संगणक

गिरगावातील अभ्यासिकेच्या संगणकांवर लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवल्यापासून लॉगिन स्क्रीन योग्य पासवर्डही नाकारते, ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबल्यावर मात्र तोच पासवर्ड चालतो, आणि संस्थेचे चित्र तेथे दिसत नाही, असे आपण लिहिले आहे. दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. मिंटमध्ये लॉगिनचे काम लाइटडीएम हा प्रोग्राम पाहतो, आणि स्क्रीन त्याचा स्लिक ग्रीटर हा भाग दाखवतो. हा ग्रीटर कोणीही आत येण्यापूर्वी स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो; त्यामुळे आपण आपल्या खात्यात इंग्रजी कीबोर्ड पहिला ठेवला असला, तरी ती निवड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

संगणकाचा मूळ कीबोर्ड मराठी असेल, तर इंग्रजी समजून दाबलेल्या कळांतून देवनागरी अक्षरे उमटतात आणि पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्याने ते कळत नाही. यावर उपाय म्हणून ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘डिफॉल्ट’मध्ये असलेली ‘कीबोर्ड’ ही फाइल, आधी तिची प्रत काढून, ॲडमिनच्या अधिकाराने उघडावी आणि ‘एक्सकेबीलेआउट’च्या ओळीत ‘यूएस’ (इंग्रजी) आधी, ‘आयएन’ (भारतीय) नंतर, मध्ये स्वल्पविराम देऊन, अर्थातच रोमन लिपीत लिहावे. कीबोर्डचा प्रकार सांगणाऱ्या ‘एक्सकेबीव्हेरियंट’च्या ओळीतील क्रमही त्यानुसार बदलावा लागतो, आणि नेमके हेच बहुतेकांकडून राहून जाते. मराठीसाठी प्रकार नमूद केलेला असल्यास त्याच्या आधी स्वल्पविराम हवा, नाहीतर तो इंग्रजीला जोडला जातो. नंतर संगणक पुन्हा सुरू करावा. खात्री करून घेण्यासाठी ‘लॉगिन विंडो’ या सेटिंगमध्ये नाव हाताने लिहिण्याची मुभा द्यावी. नावाची अक्षरे उघड दिसतात, त्यामुळे कीबोर्ड कोणता आहे हे लगेच समजते.

चित्र बहुधा आपल्या होम फोल्डरात, म्हणजे आपल्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरात असावे. मिंट ज्यावर आधारित आहे त्या उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचा होम फोल्डर इतर खात्यांना बंद असतो, म्हणून वेगळ्या खात्यातून चालणाऱ्या ग्रीटरला ते चित्र वाचता येत नाही. चित्र ‘यूएसआर’मधील ‘शेअर’च्या ‘बॅकग्राउंड्स’ फोल्डरात ठेवून ते सर्वांना वाचता येईल असे करावे, आणि प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतःचे पार्श्वचित्र दाखवण्याचा पर्याय बंद करावा.

या त्रासामुळे आपोआप लॉगिन सुरू करावे का, असेही आपण विचारले आहे. ज्या संगणकावर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात तेथे ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर खाते सर्वांना खुले होते; दुसरे म्हणजे पासवर्ड न देता आत गेल्याने कीरिंग (साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी) कुलूपबंदच राहते आणि ब्राउझर उघडताच पासवर्ड विचारला जाऊ शकतो. त्याऐवजी ‘लॉगिन विंडो’ याच सेटिंगमधील पाहुण्यांसाठीचे सत्र सुरू करावे. लॉगआउट करताच त्यातील सर्व फाइली नष्ट होतात. ही सूचना संगणकाशेजारी मराठीत ठळक लावावी, कारण परीक्षेची टिपणे गमावलेला विद्यार्थी मी पाहिला आहे.

हे बदल अभ्यासिका बंद झाल्यावर करावेत; लाइटडीएम पुन्हा सुरू केल्यास त्या संगणकावर उघडे असलेले सगळे काम तत्क्षणी बंद होते.